मधाची अर्धी डबी

मी चौथीपर्यंत शिकलो, आणि चौथीची परीक्षा काही दिली नाही. मुंबईला आलो, गिरणीत साचाखात्यात कापड विणायला लागलो. गिरणी बंद पडल्यावर बोरिवलीला सोसायट्यांमधून वॉचमनकी केली. या सगळ्यात सहीपलीकडे लिहायची पाळी कधी आली नाही. सही मात्र माझी चांगली आहे. पगारपत्रकावर, बँकेत, रेशनच्या दुकानात, कुठेही मी कधी अंगठा उठवला नाही.

म्हातारपणी वही घेऊन बसलो ते एका डॉक्टर पोरीमुळे. तिचं दोन वर्षांचं काम माझ्यामुळे बिघडायला आलं होतं. नकळत झालं असं म्हणणार नाही, कळून केलं. तिने सांगितलं, आजोबा, काय काय केलंत ते तुमच्या हाताने एका पानावर लिहून द्या. मी दिलं. त्या पानात दिवस होते, चमचे होते. बाकीचं पानात मावलं नाही, ते इथे लिहितो.

सुरुवात चपलेपासून झाली. पुतणीच्या लग्नाला गावी जायचं म्हणून मी चामड्याची करकरीत चप्पल घेतली. बायको म्हणाली, तेल लावून दोन दिवस ठेवा. मी म्हटलं, चप्पल माझी आहे, पाय माझा आहे. तीच घालून वरातीत चाललो आणि उजव्या पायाच्या अंगठ्याला बाहेरच्या बाजूने ती चावली. साधा फोड. पण मला साखर आहे, बरीच वर्षं आहे. फोड फुटला तो मिटेना. शिमग्याला झालेली जखम मे संपत आला तरी तशीच, रुपयाएवढी, कडेने पांढरी.

मोठ्या दवाखान्यात दाखवलं. तिथल्या डॉक्टरांनी फोटो काढला, खाली बसून नीट पाहिलं आणि सांगितलं की ही अशीच राहिली तर अंगठा काढावा लागेल. मी पिशवी उचलली आणि बाहेर आलो. बायको मागून आली. बसस्टॉपवर ती म्हणाली, “जन्मात कधी अंगठो दिल्यात नाय, आता पायाचो देतलात?” आणि हसता हसता तिने पदर डोळ्यांना लावला.

मला तेव्हा आठवत होती ती माझ्या डाव्या पोटरीवरची खूण. नऊ-दहा वर्षांचा असताना काजीत, म्हणजे काजूच्या बागेत, गवत काढायला गेलो होतो आणि कोयती लागली. मांस दिसत होतं. आईने शिंक्यातली मधाची बाटली काढली, डोंगरातल्या पोळ्याचा काळपट मध, तो जखमेत ओतला, वरून एरंडाचं पान बांधलं. पंधरा दिवसांत पुन्हा काजीत होतो. तेव्हापासून माझ्या डोक्यात बसलंय की जखमेला मधच. घरी मध लावायचं मी दोनदा काढलं होतं. बायको म्हणाली, दुकानातल्या बाटलीत काय असतं ते देवाला माहीत, त्याने अंगठा आधीच जाईल.

मग शेजारणीकडून कळलं की आमच्यापासून दोन स्टॉपवर आयुर्वेदाचं जे कॉलेज आहे, तिथल्या दवाखान्यात एक शिकाऊ डॉक्टरीण जुन्या जखमांवर मध लावून बघते आहे. मी दुसऱ्या दिवशी सकाळी हजर.

आता इथे जी चूक झाली ती आधी सांगतो, कारण पुढचं सगळं तिथून आलं.

बाकावर माझ्याआधी एक बाई येऊन बसली होती. कोळीण, माझ्याच वयाची, पण माझ्यापेक्षा ताठ. डाव्या हाताला फडकं गुंडाळलेलं. गोराईहून पहिल्या बोटीने खाडी ओलांडून आली होती. पण केसपेपर काढताना ती चुकीच्या खिडकीवर उभी राहिली आणि मी बरोबर खिडकीवर, त्यामुळे नंबर माझा आधी लागला. आत बोलावलं तेव्हा ती उठली. मी म्हटलं, बाय, माझा नंबर आहे. ती म्हणाली, मी साडेसहाची निघालेय, मना जाऊ दे. मी म्हटलं, निघालीस कधी ते कागदावर लिहिलेलं नाही, नंबर लिहिलेला आहे. शिपाई म्हणाला, काका, जाऊ द्या त्यांना. त्याने असं म्हटल्यावर तर मी हललोच नाही. मी आत गेलो.

आत ती पोर होती. बारीक, चष्मा, अंगात पांढरा कोट, खिशाला शाईचा डाग. नगरकडची, हॉस्टेलला राहणारी. तिने मला समोर बसवून सावकाश समजावलं. ज्येष्ठमध घालून कढवलेलं तूप आणि मध असं एक औषध जुन्या ग्रंथात जखमेसाठी सांगितलं आहे. ते खरंच किती उपयोगी पडतं ते तिला तपासायचं होतं. त्यासाठी काही जणांना ते औषध आणि काही जणांना नेहमीची साधी मलमपट्टी. बाकीच्या गोळ्या, धुणं, तपासणं दोघांना सारखंच.

मी म्हटलं, “मग मला मधाचं दे.”

“तसं मी ठरवत नाही आजोबा. तुम्हीही नाही.” तिने ड्रॉवरमधून बंद पाकिटांचा गठ्ठा काढला. वरून खाली नंबर घातलेले. जो पेशंट येईल त्याला सगळ्यात वरचं पाकीट. आत काय आहे ते तिलाही माहीत नव्हतं.

मला हे आवडलं, खरं सांगतो. वशिला नाही, तोंड बघून काही नाही. पाकीट फोडलं. तिने वाचलं आणि हसली. मध.

मग तिने एक कागद वाचून दाखवला. जखमेवर दुसरं काही लावणार नाही, दिलेलं औषध दुसऱ्या कुणाला देणार नाही, मध्येच सोडायचं असेल तर सांगेन. मी पूर्ण ऐकलं आणि खाली सही केली. ती म्हणाली, काय सुंदर सही आहे हो. मी म्हटलं, सही तसा माणूस. असलं काही बोलायची मला खोड आहे.

बाहेर आलो तर कोळीण आत गेली. मी गोळ्या घ्यायला थांबलो होतो. ती बाहेर आली तेव्हा मी विचारलं, काय निघालं? ती म्हणाली, “साधं. मलम. तुला?”

मला एकदम कळलं. तिला साधं निघालं ते पाकीट माझ्या पाकिटाच्या खालचं. मी आडवा गेलो नसतो तर वरचं तिचं होतं.

मी म्हटलं, “मध.”

ती निघता निघता थांबली. माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघून म्हणाली, “मालवणी ना तू? तरीच.” आणि गेली.

दर सोमवारी आणि गुरुवारी आम्ही दोघं तिथेच भेटायचो. ती पोर जखम उघडायची, त्रिफळ्याच्या काढ्याने धुवायची, पट्टी करायची. मधल्या दिवसांत घरी आपली आपण. मला त्यासाठी आठवड्याला एक डबी मिळायची, झाकणावर नंबर घातलेली. कोळणीला मलम मिळायचं.

सोमवारी एक गोष्ट व्हायची ती मला फार आवडे. ती पोर जखमेवर स्वच्छ प्लास्टिकचा कागद ठेवायची आणि वरून पेनाने जखमेची कड गिरवायची. मग तो आकार चौकटीच्या कागदावर ठेवून आत किती घरं येतात ती मोजायची. मी म्हटलं, हा कागद मी ओळखतो. गिरणीत नक्षीचं कापड काढायचं तर आधी असल्याच चौकटीच्या कागदावर नक्षी उतरवत, एक घर म्हणजे एक धागा. तिला हे माहीत नव्हतं. तिने मोजणं थांबवलं आणि मला दोन-चार गोष्टी विचारल्या, कापडात चूक राहिली तर कशी कळते वगैरे. मी सांगितलं, तपासणीच्या टेबलावर काच असते, खालून दिवा. धागा सुटला असेल तर लपत नाही. तपासनीस खडूने फुली मारतो आणि कापडाचा तो ताका ज्याच्या साच्यावर विणला त्याच्याकडे परत. ती म्हणाली, “माझं पण असंच आहे आजोबा. फक्त टेबलावर मी एकटीच आहे.”

पहिल्या तीन सोमवारी माझा आकार छान लहान होत गेला. मी घरी येऊन बायकोला बोटांनी दाखवायचो, एवढा होता, आता एवढा.

कोळणीचा हात मात्र हट्टाला पेटल्यासारखा. शिंगाळा मासा साफ करताना त्याचा काटा अंगठा आणि पहिलं बोट यांच्यामध्ये घुसला होता. पू झाला, कापून काढावा लागला, आणि ती भोक पडलेली जागा भरत नव्हती. बर्फात, खाऱ्या पाण्यात हात घालून घालून तिची ती गत झाली होती. आता पावसाळ्याची बंदी होती, होड्या वर काढलेल्या, म्हणून तिला दवाखान्याला वेळ होता. पण नारळी पौर्णिमा झाली की होड्या जाणार आणि तिला बाजारात बसायचं होतं. तिची जागा म्हणजे सासूने दिलेली, चाळीस वर्षांची. गेल्या मोसमाच्या शेवटी ती नाही म्हणून दुसरीने तिथे टोपली ठेवली होती, आणि टोपली एकदा मुरली की उठत नाही असं ती म्हणे. मासा एका हाताने कापता येत नाही. धरायला डावा लागतो.

हे सगळं तिने मला एकदम सांगितलं नाही. आधी आमची भांडणं झाली. दवाखान्याच्या मागे अडुळसा, शतावरी वगैरे लावलेली बाग आहे, नावांच्या पाट्या टोचलेली. तिथल्या कठड्यावर आम्ही बसायचो. ती म्हणायची, तुम्ही मालवणी लोक आमटीत नारळ एवढा घालता, आत मासा हाय का नाय ते हात घालून बघावं लागतं. मी म्हणायचो, आमच्याकडे नारळ आहे म्हणून घालतो, तुमच्याकडे नुसता तिखटाचा लगदा. ती म्हणायची, म्हणून तुला साखर झाली. एकदा तिने सुक्या बोंबलांचं पुडकं आणून माझ्या पिशवीत टाकलं. म्हटलं, कशाला? म्हणाली, तुझ्या बायकोला दे, तुझ्यासाठी नाय.

चौथ्या गुरुवारी ती बाहेर येऊन कठड्यावर बसली आणि हाताच्या फडक्याची गाठ सोडून पुन्हा बांधत राहिली. मी नारळावरून काढून बघितलं, तरी तिने मान वर केली नाही. मग हळूच म्हणाली, “अर्ध्या बोटाचा पण फरक नाय रे. पौर्णिमा आली.”

मी म्हटलं, पोरीला सांग, बदलून दे म्हणावं. ती म्हणाली, विचारलं. ती पोरगी म्हणाली, तुम्हाला नको असेल तर यातून बाहेर पडा, मी रागावणार नाही, पण बाहेर पडलात तरी हे मधाचं औषध तपासल्याशिवाय दुसऱ्यांना द्यायची मला परवानगी नाही. “ती पण बिचारी काय करेल. तिचं तोंड बघून मीच गप्प बसले.”

मी घरी गेलो. जेवलो नाही. बायकोने दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा ताट झाकून समोर बसली. तेव्हा मी पाकिटाचं सगळं सांगितलं, नंबरावरून कसा भांडलो ते पण. आणि म्हटलं, माझ्या डबीतला अर्धा मध मी तिला देणार.

“खुळे झालात काय? तुमच्या अंगठ्याचा काय?”

मी म्हटलं, अंगठा आता अर्ध्यावर आलाय.

“आणि सही केलात ती?”

 मी भिंतीकडे बघत बसलो. ती उठली, माळ्यावरून सर्दीच्या मलमाची रिकामी काचेची बाटली काढली आणि पातेल्यात पाणी ठेवलं. पाणी उकळेपर्यंत बाटलीचं झाकण घासत बसली. मग चिमट्याने बाटली काढता काढता म्हणाली, “ती कोण लागता तुमची?”

मी म्हटलं, कोणी नाही. माझ्या आधी आली होती एवढंच.

ती म्हणाली, “मगे नीट पुसून भरा. ओलो चमचो घालू नका.”

तिला एकच शंका होती. पोरीने आम्हाला सांगितलं होतं की मध आणि तूप सारख्या मापाने कधी घ्यायचं नाही, औषधात त्यांचं माप कमीजास्त ठेवलेलं असतं. मग अर्धं अर्धं केलं तर ते बिघडणार नाही ना? मी म्हटलं, अगं, ते आतलं माप, हे बाहेरचं. तरी तिच्या समाधानासाठी मी कोळणीच्या बाटलीत एक चमचा जास्त घातला.

सोमवारी बागेत बाटली दिली. कोळणीने झाकण उघडून वास घेतला आणि पटकन बंद केलं. म्हणाली, पोरगी विचारेल. मी म्हटलं, यायच्या दिवशी सकाळी धुऊन टाक, विचारायचं कारण राहणार नाही. ती म्हणाली, तू सही केलीस, मी अंगठा दिलाय, खोटं कुणाचं मोठं? मी म्हटलं, माझं. तू लाव.

तीन आठवडे असं चाललं. तिचा हात भरायला लागला. आधी तळाला लाल दाणे आले, मग कड आत सरकली. पोर दर सोमवारी प्लास्टिक ठेवायची आणि म्हणायची, आजी, काय करताय काय तुम्ही, एकदम छान. कोळीण माझ्याकडे न बघता म्हणायची, हाताला आराम हाय ना.

माझा अंगठा मात्र अडला. पुढे जाईना. अर्ध्या औषधाने अडला की त्याची वेळ होती म्हणून, ते मला आजही सांगता यायचं नाही. पोरीला काळजी लागली. तिने साखर तपासली, ती ठीक. मग तिने चष्म्यातून बघत विचारलं, आजोबा, गुपचूप गोड खाताय ना? मी नाही म्हटलं. तिचा विश्वास बसला नाही. तिने बायकोला फोन केला. माझ्या बायकोने आयुष्यात मला चोरून लाडू दिलेला नाही. फोन ठेवल्यावर ती माझ्यावर जी बरसली! तुमच्या उपद्व्यापापायी माझ्यावर आळ. दोन दिवस तिने मला कारल्याची भाजी दिली, दोन्ही वेळा.

नारळी पौर्णिमेच्या आधीच्या सोमवारी कोळणीचा हात मिटला. वर गुलाबी कातडं. पोरीने प्लास्टिक ठेवलं आणि गिरवायला काही नव्हतं. तिने कोरा कागदच तारीख घालून फाईलमध्ये लावला. कोळणीने उजव्या हाताने तिची हनुवटी धरून बोटं स्वतःच्या ओठांना लावली. मी दारातून बघत होतो. मला वाटलं, फिटलं. पाकिटाचं फिटलं.

मग माझी पाळी. पोर खाली मान घालून माझी पट्टी सोडत होती. मी म्हटलं, काय गं, त्या म्हातारीचा हात बरा झाला, तुला आनंद नाही?

“आहे ना आजोबा. खूप आहे.” तिने कापूस उचलला. “पण बघा, साध्या पट्टीने त्यांची जखम तुमच्या आधी भरली. तुमच्या दोघांच्या जखमा जवळजवळ सारख्या होत्या, म्हणून मी तुमच्या जोडीकडे फार डोळे लावून होते. मला वाटायचं मध नक्की पुढे जाईल. घरून निघताना माझ्या स्वतःच्या आजीला सांगून आले होते, तुझं मधाचं खरं करून दाखवते म्हणून.”

मी म्हटलं, मग ते लिहू नकोस. दुसरं लिही.

ती हसली. “असं नसतं आजोबा. जे आलं ते लिहायचं. आपल्याला आवडो न आवडो.”

मी पाय तिच्या हातात देऊन बसलो होतो. ती अंगठ्याच्या बाजूने कापूस फिरवत होती, इतका हलका की कळतही नव्हतं. आणि मला दिसत होतं, ही पोर हातातून एक धागा सुटू देत नाही, आणि तिच्या ताक्यात धागा मी तोडून ठेवलाय. ती खरं म्हणून लिहिणार आणि ते खोटं असणार. खाली सही तिची असणार.

तेव्हा मी बोललो नाही. हे लिहायला मला लाज वाटते, पण बोललो नाही. पट्टी झाली, चप्पल घातली, बाहेर आलो.

कोळीण बागेत थांबली होती. तिचा तो शेवटचा दिवस, पुन्हा यायचं नव्हतं. मी तिला पोरगी काय म्हणाली ते सांगितलं. ती हाताच्या नव्या कातडीकडे बघत राहिली.

“मग तू काय सांगितलंस?”

“काही नाही.”

“काय रे मालवणी,” ती म्हणाली, “नंबरासाठी भांडायला तोंड होतं तुला.”

तिने पदर खोचला आणि माझ्या पुढे चालायला लागली. या वेळी तीच आधी आत गेली.

आत दुसरा पेशंट नव्हता. कोळीण म्हणाली, ह्याला काय बोलायचंय. मी उभ्यानेच सांगितलं. पाकीट, नंबर, डबी, बाटली, किती चमचे, कोणत्या सोमवारपासून. मध्ये कोळीण म्हणाली, घेतला मी, त्याचा एकट्याचा दोष नाय. पोर ऐकत होती. तिने पेन खाली ठेवलं. चष्मा काढला, कोटाला पुसला, पुन्हा घातला. मला वाटलं आता ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

ती म्हणाली, “बाटली उकळली होती?”

मी म्हटलं, बायकोने उकळली.

“बरं.” तिने आमच्या दोन फाईली पुढ्यात ओढल्या. मग अगदी हळू, “वाट लावलीत आजोबा माझी.”

मी म्हटलं, पोरी, फुली मार. ताका माझा आहे. माझ्याकडे परत पाठव, तुझ्या गठ्ठ्यात ठेवू नकोस.

त्यावर ती रडली. दोन मिनिटंच. कोळीण तिच्या डोक्यावर हात ठेवून उभी राहिली, तोच हात, डावा. पोर नाक पुसत म्हणाली, तुम्ही सांगितलं नसतं तर मला कधी कळलंच नसतं. आणि पुढे माझ्यामागून कोणी हेच काम करायला घेतलं असतं तर ते माझ्या चुकीच्या ओळीवर उभं राहिलं असतं. तिच्या सरांना ती त्याच दुपारी भेटली. सरांनी सांगितलं, दोघांची फाईल मोजणीतून बाहेर काढा, का काढली ते लिहा आणि म्हाताऱ्याकडून लेखी घ्या. दोन नवे पेशंट मिळवून तिला पुन्हा तितके आठवडे घालवावे लागले. दिवाळीला ती घरी जाऊ शकली नाही. बायकोने तिला डबा पाठवला, चकल्या आणि करंज्या. मी घेऊन गेलो तेव्हा ती म्हणाली, आता तरी खरं सांगा, यातली एक वाटेत खाल्लीत ना? खाल्ली होती.

औषधाच्या परीक्षेतून मला काढलं, पण दवाखान्यातून नाही. ती परीक्षा पूर्ण होऊन सरांनी बघितल्यावर, रीतसर, मला तेच औषध पुन्हा मिळालं, पूर्ण डबी. तोवर ती सोमवारी आणि गुरुवारी माझी पट्टी करतच होती, साध्या मलमाची. सोमवारचं प्लास्टिक पण ठेवायची. मी म्हटलं, आता कशाला, माझी तर फुली झाली. ती म्हणाली, मला बघायचंय. माघ महिन्यात माझ्याही पायावर तिने कोरा कागद ठेवला. अंगठा आहे. थोडा वाकडा, नख नाही, पण आहे.

मग मी आणि बायको बोटीने गोराईला गेलो. बाजारात कोळीण तिच्या जागेवर होती, दुसरीची टोपली चार हात लांब. आम्हाला बघून ती उठली नाही, हातात अर्धा कापलेला हलवा मासा होता. बायकोने तिला आधी कधी पाहिलं नव्हतं. ती तिच्यासमोर उकिडवी बसली आणि काही बोलायच्या आधीच कोळणीने डावा हात पाण्यात बुडवून, पुसून तिच्यापुढे धरला. बायकोने तो दोन्ही हातांत घेऊन उलटासुलटा करून पाहिला, खुणेवरून अंगठा फिरवला. मग म्हणाली, “बरो भरलो हा.” कोळीण म्हणाली, “एक चमचा जास्त घातलेला ना तुम्ही. मना कळलं होतं.” माझा चमचा तिला माहीत होता, पण मला ती कधी ‘तुम्ही’ म्हणत नाही. बायको माझ्याकडे बघून हसली तेव्हा कळलं, दर आठवड्याला बाटली भरल्यावर माझ्यामागे ती आणखी एक चमचा घालत होती. माझ्या डबीतला, माझ्या वाट्याचा.

पोरीचं मोठं पुस्तक, या कामाचा प्रबंध, बांधून होण्याआधी तिने मला बोलावलं. सगळं इंग्रजीत. मी विचारलं, मधाचं काय झालं शेवटी? ती म्हणाली, फरक आहे आजोबा, पण तुम्हाला वाटतो तेवढा नाही, आणि मला वाटत होता तेवढाही नाही. आणखी तपासायला हवं. मला ते पटलं नाही, पोटरीवरची खूण मी तिला दाखवली. तिने बघून घेतली आणि म्हणाली, एका पायावरून ठरत नाही. मग तिने एका पानावर बोट ठेवलं. इथे तुम्ही दोघं आहात.

एकच ओळ होती. मी म्हटलं, वाचून मराठीत सांग. तिने सांगितलं: दोन रुग्णांनी नियम पाळले नाहीत म्हणून त्यांना मोजणीतून वगळण्यात आले.

मी म्हटलं, खरं आहे, पण अपुरं आहे.

“काय अपुरं आहे?”

“नियम कसा मोडला ते नाही. उद्या कोणी वाचेल, म्हणेल म्हाताऱ्याने लाडू खाल्ले. जे झालं ते लिहायचं असतं ना? लिही, औषध वाटून घेतलं.”

ती म्हणाली, जागा नाही आजोबा, ओळ पुढच्या पानावर जाईल. मी म्हटलं, जाऊ दे. मी खुर्चीवरून उठलो नाही. तिने माझ्याकडे बघितलं, मान हलवली, आणि माझ्यासमोर कॉम्प्युटरवर ओळ बदलली. मग मला पुन्हा वाचून दाखवली: दोन रुग्णांनी औषध आपसात वाटून घेतले, म्हणून त्यांना मोजणीतून वगळण्यात आले.

मी तिला ती आणखी एकदा वाचायला लावली. मग कागद छापून घेतला आणि घरी बायकोला दाखवला. तिला इंग्रजी येत नाही, मलाही नाही. पण ओळ कुठली ते मी बोट ठेवून सांगितलं.